मोटार माथ्याच्या अलीकडे थांबावी

दरी पाहावी, सूर्यास्त पाहावा, लांबच्या डोंगररांगा एकामागून एक फिकट होत गेलेल्या पाहाव्यात, म्हणून माणसे डोंगरमाथ्यावर जातात. आणि आज बहुतेक प्रसिद्ध माथ्यांवर पोहोचल्यावर सर्वांत आधी दिसते ते वाहनतळ. रस्ता जिथवर नेता येईल तिथवर न्यायचा, कठड्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जाऊन गाडी लावायची सोय करायची, आणि ती अपुरी पडली की आणखी थोडी जागा सपाट करायची, हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की त्याला दुसरा काही पर्याय असू शकतो याचाच विचार होत नाही. माझे म्हणणे असे आहे की खासगी मोटारीने माथ्याच्या एक-दोन किलोमीटर अलीकडे थांबावे, आणि तिथून पुढची वाट ज्याला चालता येते त्याने चालत व ज्याला येत नाही त्याने सामायिक वाहनाने पार करावी. हे अंतर प्रत्येक डोंगराच्या घडणीप्रमाणे कमीजास्त होईल, परंतु तत्त्व सर्वत्र लागू पडावे.

या मागणीचा आधार स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण चालण्याची बाजू घेणारे पुष्कळ लोक चुकीच्या आधारावर ती घेतात. जो घाम गाळून वर आला त्यालाच दृश्य पाहण्याचा खरा अधिकार, गाडीतून आलेल्याला त्याची काय किंमत, असा एक सूर गिर्यारोहकांच्या बोलण्यात नेहमी ऐकू येतो. तो मला मान्य नाही. दृश्य ही श्रमाची मजुरी नव्हे. गुडघे दुखणाऱ्या आजीला किंवा कडेवरच्या मुलाला तोच सूर्यास्त तितकाच मनापासून आवडू शकतो, आणि पायी आलेला तरुण सगळा वेळ स्वतःची छायाचित्रे काढण्यात घालवू शकतो. कोण कसा आला यावरून त्याच्या डोळ्यांची योग्यता ठरत नाही. मोटार अलीकडे थांबवण्याचे कारण नैतिक श्रेष्ठत्वात शोधू लागलो की वाद चालणारे विरुद्ध गाडीवाले असा होतो, आणि त्यात दोन्ही बाजू आपापला अभिमान सांभाळत बसतात.

खरे कारण जागेचे आहे. डोंगर वर जावा तसा निमुळता होत जातो, आणि माणसांची गर्दी मात्र वर जावी तशी दाटत जाते. पायथ्याशी वाटेल तितकी जागा असते, तिथे कोणाला थांबायचे नसते. माथ्यावर मोजकी जागा असते, तिथेच सर्वांना थांबायचे असते. एक मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, आणि आत-बाहेर करण्याची मोकळी वाट धरली तर प्रत्येक गाडीमागे सुमारे २५ चौरस मीटर मोजावे लागतात. शंभर गाड्या म्हणजे अडीच हजार चौरस मीटर. प्रत्येक गाडीत तीन माणसे धरली तर या जागेमुळे तीनशे माणसांची सोय होते. तीच तीनशे माणसे ऐसपैस उभी राहिली तरी त्यांना तीनशे चौरस मीटर पुरतात. म्हणजे पाहायला आलेल्या माणसांना जितकी जागा लागते तिच्या आठपट जागा ते ज्यातून आले त्या वाहनांना लागते, आणि तीही डोंगराच्या सर्वांत अरुंद, सर्वांत मोलाच्या भागात. सपाट प्रदेशातल्या एखाद्या तळ्याकाठी हाच हिशेब इतका कठोर ठरत नाही, कारण तिथे मागे सरकायला वाव असतो. माथ्यावर मागे सरकायला कडा असतो.

या हिशेबाचा प्रत्यक्ष अर्थ काय होतो हे सुट्टीच्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास अशा कुठल्याही ठिकाणी उभे राहिले की कळते. दरीच्या बाजूची पहिली रांग गाड्यांची असते, कारण सर्वांत आधी आलेल्यांनी नाक दरीकडे करून गाड्या लावलेल्या असतात. काहींची इंजिने वातानुकूलनासाठी चालूच असतात आणि आतली माणसे समोरच्या काचेतून बाहेर पाहत असतात. त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांना टपांच्या वरून जेवढे दिसेल तेवढे दिसते. एखादी गाडी जागा शोधत मुंगीच्या वेगाने पुढे सरकते, तिच्या मागे पाच गाड्या अडकतात, कुणीतरी उतरून हात करून मागे घ्यायला सांगतो, आणि त्याच वेळी एखादे मूल आईचा हात सोडून दोन बंपरांच्या मधून पळते. मागे येणाऱ्या गाडीच्या चालकाला ते दिसत नाही. सूर्य क्षितिजाखाली गेला की पंधरा मिनिटांत सगळे एकदम निघतात आणि एकपदरी घाटात अडकतात. ज्या शांततेसाठी ही सगळी धडपड केली ती तिथे कुणाच्याच वाट्याला येत नाही. गाडीतून आलेल्यांच्याही नाही. मोटार अलीकडे थांबवण्याचा सर्वांत मोठा लाभ चालणाऱ्यांना होत नसून मोटारीने येणाऱ्यांनाच होतो, असे मला वाटते ते यामुळेच.

इंधनाचा मुद्दा मी फारसा ताणणार नाही, कारण दीडशे किलोमीटर लांबून आलेल्या गाडीने शेवटचे दोन किलोमीटर वाचवले म्हणून हवेत मोठा फरक पडत नाही. उताराचा मुद्दा मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. दीड हजार किलो वजनाची भरलेली गाडी पाचशे मीटर उंचीवर चढते तेव्हा तिच्यात सुमारे दोन युनिट विजेइतकी ऊर्जा साठते, आणि उतरताना ती सगळी कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत वीस-बावीस लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. चालकाने खालचा गिअर टाकला तर त्यातली बरीचशी इंजिन सोसते. सपाट शहरी रस्त्यांची सवय असलेला चालक वरच्या गिअरमध्ये पाय ब्रेकवरच ठेवून उतरतो, तेव्हा ती जवळजवळ सगळी ब्रेकच्या तबकड्यांत उतरते. अमेरिकेतील पाइक्स पीक या चार हजार मीटरहून उंच शिखराच्या मोटाररस्त्यावर खाली येणाऱ्या गाड्या वाटेत थांबवून त्यांच्या ब्रेकचे तापमान तपासतात, ते याचसाठी. रोज तोच घाट उतरणारा बसचालक आणि वर्षातून एकदा येणारा पर्यटक यांच्यात हा फरक आहे, आणि विजेवरची बस असेल तर उतरतानाच्या ऊर्जेचा काही भाग पुन्हा बॅटरीत जातो हा वेगळा फायदा.

रस्त्याचे दुसरे काम पाण्याशी होते. डोंगराच्या उतारावर रस्ता काढायचा म्हणजे वरची बाजू कापायची आणि खालची भरायची. कापलेल्या बाजूचा पायथ्याचा आधार जातो. भरलेली बाजू मुरलेली नसते. आणि पूर्वी सगळ्या उतारावर पसरून वाहणारे पावसाचे पाणी डांबरावरून गोळा होऊन एका मोरीतून एकाच जागी खाली कोसळते, तिथे घळ पडते. माथ्यावर वाहनतळ वाढवला की हे पाणी आणखी वाढते. अरुंद, कमी रहदारीचा रस्ता डोंगराला बहुधा सोसतो. त्याच रस्त्याला सुट्टीच्या गर्दीसाठी दुपदरी करायला निघालो की पुन्हा कापणी, पुन्हा भराव, आणि मग दरड. त्यामुळे रस्ता असावा की नसावा हा प्रश्न एकदाच सुटत नाही. गर्दी वाढेल तशी रुंदीकरणाची मागणी दर काही वर्षांनी परत येते, आणि ती थांबवायची असेल तर वर जाणाऱ्या वाहनांची संख्या आधीच मर्यादित करावी लागते.

हे करता येते याचा सर्वांत बोलका दाखला फ्रान्समधील प्यूइ द दोम या १,४६५ मीटर उंचीच्या निद्रिस्त ज्वालामुखीचा आहे. याच डोंगरावर सप्टेंबर १६४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी वर नेली आणि उंचीवर हवेचा दाब कमी होतो हे दाखवले, अर्थात पायीच. १९०७ मध्ये तिथे वाफेवर चालणारी गाडी सुरू झाली, १९२६ मध्ये तिची जागा मोटाररस्त्याने घेतली, आणि अनेक दशके पर्यटकांच्या मोटारी थेट वर जात राहिल्या. २०१२ मध्ये हा मार्ग पुन्हा रुळांकडे वळला: दातेरी रुळांवरची विजेची गाडी सुरू झाली आणि खासगी मोटारी पायथ्याशी थांबल्या. पायवाटही आहे, तीवरून चालणारे चालतात. पुढे २०१८ मध्ये या ज्वालामुखींच्या रांगेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एकदा वर गेलेली मोटार परत खाली आणता येत नाही, लोक ऐकणार नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

अमेरिकेच्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानातील कॅडिलॅक डोंगरावर वेगळी रीत आहे. तो जेमतेम ४६६ मीटर उंच, पण तिथला सूर्योदय प्रसिद्ध. २०२१ पासून हंगामात मोटारीने वर जायचे तर वेळ आधी आरक्षित करावी लागते. पायी किंवा सायकलने जाणाऱ्याला आरक्षण लागत नाही. ही तरतूद मला फार आवडते, कारण ती कोणालाही मनाई करत नाही आणि जो कमी जागा घेतो त्याला कमी अटी घालते. रिओ दि जानेरोच्या कोर्कोव्हादो डोंगरावर तर १८८४ पासून रेल्वे आहे. ख्रिस्ताचा पुतळा त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, १९३१ मध्ये उभा राहिला. आज तिथे खासगी मोटार पुतळ्यापर्यंत जात नाही, रेल्वेने किंवा अधिकृत व्हॅनने जावे लागते, आणि शेवटच्या पायऱ्यांसाठी उद्वाहक व सरकते जिने आहेत.

आपल्याकडच्या माथेरानचा अनुभव या सर्वांपेक्षा अधिक विचार करायला लावणारा आहे, कारण मोटार थांबवल्यानंतर कोणते प्रश्न उरतात हे तिथे स्पष्ट दिसते. सुमारे आठशे मीटर उंचीच्या या गावात मोटारींना बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्याशी थांबतात. १९०७ पासून नेरळहून छोटी रेल्वे आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले. तांबड्या मातीच्या रस्त्यांवरून, झाडांच्या सावलीतून पॅनोरमा किंवा लुइझा पॉइंटकडे चालत जाताना मागून भोंगा वाजत नाही, मूल मोकळे सोडता येते, आणि कठड्याशी पोहोचल्यावर समोर दरीच असते. हे सगळे माझ्या म्हणण्याच्या बाजूचे. परंतु मोटार नाही म्हणून सामान, वृद्ध माणसे आणि ज्यांना चालायचे नव्हते अशी धडधाकट माणसेही दीर्घकाळ कोणी वाहिली? हातरिक्षा ओढणाऱ्यांनी. चढावर एकाने पुढून ओढायचे, दुसऱ्याने मागून रेटायचे, आणि हे पावसात, चिखलात. डोंगर स्वच्छ आणि शांत राहिला, पण त्याची किंमत काही माणसांच्या पाठीने आणि फुफ्फुसांनी भरली. ई-रिक्षांची मागणी या श्रमिकांच्या बाजूनेच झाली, न्यायालयाच्या परवानगीने २०२२ च्या अखेरीस त्यांची चाचणी सुरू झाली, घोडेवाल्यांनी पोटाच्या काळजीने विरोध केला, रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही यावरही वाद झाला. अखेर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या चालकांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला.

यातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली अशी की मोटारबंदी आणि वाहनबंदी या एक नव्हेत, आणि एक समजल्या तर त्याचा भार सर्वांत दुबळ्यावर पडतो. दुसरी अशी की डोंगराचे रक्षण माणसाच्या अवहेलनेवर उभे करायचे नसते. छोटे, विजेवरचे, ठरलेल्या संख्येचे आणि तिथल्याच श्रमिकांच्या मालकीचे वाहन असेल तर शांतता फारशी भंगत नाही आणि कुणाला जनावरासारखे जुंपावेही लागत नाही. संख्या मर्यादित ठेवण्याची शिस्त मात्र पाळली पाहिजे, नाहीतर मोटारींच्या जागी ई-रिक्षांची रांग लागेल.

ज्यांना चालणे शक्य नाही त्यांचा प्रश्न इथेच घेतो, कारण तो या चर्चेत नेहमी ढालीसारखा पुढे केला जातो आणि मग विसरला जातो. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे सर्वमान्य प्रमाण बारास एक, म्हणजे बारा मीटर अंतरात एक मीटर चढ, असे आहे. दोन किलोमीटरमध्ये दोनशे मीटर चढणारी वाट त्याहून खडी असते, म्हणून नुसती गुळगुळीत पायवाट करून भागत नाही. अपंग व्यक्तीचे वाहन वरपर्यंत जाऊ द्यावे, तिथे मोजक्या राखीव जागा असाव्यात, आणि सामायिक बसची पायरी जमिनीलगत असावी. आजची खुली व्यवस्था अपंगांसाठी आहे असे म्हणणाऱ्यांना विचारावेसे वाटते की सुट्टीच्या संध्याकाळी शंभर गाड्यांच्या गर्दीत चाकाची खुर्ची कठड्यापर्यंत कशी न्यायची. धडधाकटांच्या गाड्या खाली थांबल्या तरच ज्याला खरी गरज आहे त्याला वर जागा मिळेल.

चालणाऱ्यांकडूनही डोंगराचे नुकसान होते. नागमोडी वाटेचे वळण टाळून सरळ खाली उतरणारा प्रत्येक पाय गवत उपटतो. थोड्याच पावसाळ्यांत पाणीही तोच जवळचा मार्ग धरते आणि वाटेची घळ होते. मग लोक घळीच्या कडेने चालू लागतात, वाट रुंदावत जाते. तेव्हा पायवाट ही आपोआप होणारी गोष्ट आहे असे समजून चालणार नाही. दगडी पायऱ्या, पाणी बाजूला काढणारे आडवे चर, वळणे तोडता येणार नाहीत अशी झुडपे, बसायला सावली, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहे यांवर पैसा खर्च करावा लागतो, आणि वरच्या वाहनतळाच्या विस्तारासाठी जो खर्च काढला जातो त्यातला बराचसा इकडे वळवता येईल. पाटीवर अंतरासोबत वेळही लिहावी. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: सपाटीवर तासाला साधारण पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईमागे एक तास अधिक. दोन किलोमीटर अंतर आणि दोनशे मीटर चढ म्हणजे सुमारे पाऊण तास. लहान मुले बरोबर असतील तर थोडा जास्त. ही माहिती खालीच मिळाली तर माणूस चालायचे की बसने जायचे हे शहाणपणाने ठरवतो, आणि अर्ध्या वाटेवर दमून बसत नाही. अंधार पडल्यावर जंगलातल्या वाटेने एकट्या स्त्रीने उतरावे अशी अपेक्षा कुणी करू नये. म्हणून सूर्यास्तानंतरची बस ही सोय नसून योजनेचा कणा आहे.

आणि नेमक्या याच ठिकाणी अशा योजना कोसळतात. पुण्याजवळ सिंहगडावर मे २०२२ मध्ये खासगी वाहने थांबवून विजेवरच्या बस सुरू केल्या गेल्या, पण सुट्टीच्या दिवशीची गर्दी त्या व्यवस्थेला झेपली नाही आणि दोनेक आठवड्यांतच प्रयोग गुंडाळावा लागला. यावरून लोकांना बस नको आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दिवसभराची सरासरी काढून बस ठरवल्या तर संध्याकाळी त्या अपुऱ्या पडणारच. समजा सूर्यास्तानंतरच्या एका तासात सहाशे माणसांना खाली यायचे आहे आणि बसमध्ये चाळीस माणसे बसतात. मग त्या तासात पंधरा फेऱ्या हव्यात, म्हणजे दर चार मिनिटांनी एक. एका बसला खाली जाऊन परत यायला अर्धा तास लागत असेल तर किमान आठ बस एकाच वेळी रस्त्यावर हव्यात, आणि एखादी बंद पडेल म्हणून एक-दोन राखीव. त्यांचे चार्जिंग दुपारीच पूर्ण झालेले असावे. वर थांबलेल्या माणसांना पुढची बस कधी आहे हे दिसावे. यातले काहीही अवघड गणित नाही, पण ते बंदीच्या आदेशाआधी करावे लागते. आधी बंदी आणि मग बस असा उलटा क्रम लावला की पहिल्याच रविवारी दोन तास ताटकळलेला माणूस आयुष्यभर या कल्पनेचा विरोधक होतो, आणि त्याचा राग रास्त असतो.

मोटारी खाली थांबवल्या म्हणजे त्या नाहीशा होत नाहीत. त्या पायथ्याच्या गावात येतात. वरच्या कठड्यावरची कोंडी तिथल्या शाळेच्या रस्त्यावर नेऊन सोडणे हा उपाय म्हणता येणार नाही. वाहनतळ गावाच्या बाहेर, मुख्य रस्त्यालगत असावा, त्यासाठी कुणाची कसती जमीन सक्तीने घेतली जाऊ नये, आणि त्याचे उत्पन्न व व्यवस्थापन गावाकडे असावे. वर टपऱ्या चालवणाऱ्यांचाही प्रश्न आहे. पायी जाणारा माणूस वाटेत थांबतो, तहानतो, बसतो, म्हणून वाटेच्या कडेने त्यांना मोजक्या, पक्क्या जागा देता येतील, मात्र त्या बंदीच्या आधी ठरल्या पाहिजेत.

गर्दी कमी करायचा एक सोपा मार्ग म्हणून वर जाणाऱ्या गाडीवर जबर कर बसवावा असे काही जण सुचवतात. मला तो मान्य नाही. त्याने कठडा रिकामा होईल, पण ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याचसाठी. शुल्क घ्यायचे तर ते खालच्या वाहनतळावर घ्यावे आणि त्यातून बसचे भाडे कमीतकमी ठेवावे. पायी जाणाऱ्याकडून काहीच घेऊ नये.

सुरुवात शनिवार, रविवार आणि सुट्ट्यांपासून करावी, योजना एक पूर्ण वर्ष चालवावी, त्यात पावसाळाही येऊ द्यावा, आणि आधीच्या व नंतरच्या गर्दीची, अपघातांची, तिथल्या उत्पन्नाची मोजणी करून ती जाहीर करावी. वर्षाअखेर योजना टिकवायची ठरली तर वरच्या वाहनतळाचे काय करायचे हे मात्र लगेच ठरवावे, कारण रिकामे डांबर पडून राहिले की उद्या कुणीतरी त्यावर पुन्हा गाड्या सोडण्याचा आग्रह धरेल. बस वळवण्यापुरती, रुग्णवाहिकेपुरती आणि अपंगांच्या राखीव गाड्यांपुरती जागा ठेवून उरलेले डांबर उखडावे, खालची दाबली गेलेली माती मोकळी करावी, आणि त्याच डोंगरावरचे गवत व झुडपे तिथे लावावीत.